जर-तरच्या गावांची सफर

(द्वितीय वर्ष, कला)

प्रथम वर्षाला इतिहासाच्या पहिल्याच तासाला आमच्या सरांनी फळ्यावर एक वाक्य लिहिले होते : 'इतिहासात जर-तरला स्थान नाही.' मी ते वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतले आणि खाली दोन रेघा मारल्या. वाक्य पटण्यासारखेच होते. जे घडले ते घडले. न घडलेल्याचे टिपण कोण ठेवणार आणि परीक्षेत त्याला गुण तरी कोण देणार? पण गेल्या दिवाळीच्या सुटीत मी एक जुनी अमेरिकन दूरदर्शनमालिका पाहिली आणि त्या दोन रेघा थोड्या पुसट झाल्या. कारण त्या मालिकेत जर-तरखेरीज दुसरे काही नाहीच. तिच्याविषयी आपल्या वार्षिकात लिहावे असे वाटले. आपल्यापैकी फारच थोड्यांनी तिचे नाव ऐकले असेल, आणि ज्यांनी ऐकले असेल त्यांनी कदाचित ती राक्षस-भुतांची मालिका समजून सोडून दिली असेल. (तसे समजायला तिनेच पुढे जागा करून दिली, ते ओघाने येईलच.)

मालिकेचे नाव 'स्लायडर्स'. मामाचा मुलगा तालुक्याला मोबाईल दुरुस्तीचे दुकान चालवतो. त्याने ती मला मेमरी कार्डात भरून दिली. "तुमच्या इतिहासाचं काहीतरी आहे यात," एवढेच तो म्हणाला. मालिका सगळी इंग्रजीत. माझे इंग्रजी बेताचे. पहिले दोन-तीन भाग खालची अक्षरे वाचण्यातच गेले; चित्र पाहावे तर अक्षरे सुटत आणि अक्षरे वाचावीत तर चित्र. भाऊबीजेला माहेरी आलेली ताई शेजारी बसून पाहत होती. तिने नावाचा अर्थ विचारला. मी म्हणाले, घसरणारे. तेव्हापासून आमच्या घरी या मालिकेचे नाव 'घसरगुंडी' असे पडले आहे.

ट्रेसी टॉर्मे आणि रॉबर्ट के. वाइस या दोघांनी ती रचली. २२ मार्च १९९५ रोजी अमेरिकेतील 'फॉक्स' वाहिनीवर तिचा पहिला भाग लागला आणि ४ फेब्रुवारी २००० रोजी शेवटचा. पाच पर्वे, ८८ भाग. म्हणजे ती संपली तेव्हा माझा जन्मही झालेला नव्हता.

कथानक असे. सॅन फ्रान्सिस्को शहरात क्विन मॅलरी नावाचा एक हुशार तरुण विद्यार्थी आईबरोबर राहतो. वडील वारलेले. घराच्या तळघरात तो गुरुत्वाकर्षणाला उलटवणारे यंत्र बनवायला जातो आणि भलतेच घडते. हवेत निळसर भोवरा उघडतो. भोवऱ्यातून पलीकडे गेले की पुन्हा तेच शहर, तेच रस्ते, तीच घरे. पण काहीतरी वेगळे. पहिल्या खेपेला तो एकटाच जातो. तिथे लाल दिवा म्हणजे 'चला' आणि हिरवा दिवा म्हणजे 'थांबा'. क्विन सवयीने हिरव्यावर गाडी काढतो आणि मरता मरता वाचतो. एल्व्हिस प्रिस्ली हा गायक १९७७ मध्ये वारला, तो तिथे हयात आहे. आणि अमेरिकेतून चोरून येणाऱ्या लोकांमुळे मेक्सिको हैराण झाला आहे! ही शेवटची गंमत करणाऱ्याला मी मनातल्या मनात नमस्कार केला. सीमेच्या कोणत्या बाजूला आपण जन्मलो एवढ्यावर चोर कोण आणि धनी कोण हे ठरते, हे त्याने एका वाक्यात सांगून टाकले.

दुसऱ्या खेपेला क्विनबरोबर त्याचे प्राध्यापक मॅक्सिमिलियन आर्तुरो आणि संगणकाच्या दुकानात त्याच्याबरोबर काम करणारी वेड वेल्स ही मुलगी अशी दोघे निघतात. चौथा रेम्ब्रँट ब्राउन हा गायक. त्याला कोणी विचारलेच नव्हते. बेसबॉलच्या सामन्याआधी राष्ट्रगीत गायला तो आपल्या मोठ्या कॅडिलॅक गाडीतून चालला होता. भोवरा जरा मोठा झाला आणि गाडीसकट तो आत ओढला गेला. चौघांत मला सर्वांत जवळचा वाटला तो हा रेम्ब्रँट. बाकीचे तिघे ज्ञानासाठी किंवा साहसासाठी निघाले होते. हा आपला रस्त्याने चालला होता.

चौघे पडतात ते बर्फात. त्या जगात हिमयुग आहे. काही तासांनी परतीचा भोवरा आपोआप उघडायचा असतो, पण समोरून बर्फाचे वादळ येते आणि जीव वाचवण्यासाठी क्विन वेळेआधीच यंत्र चालवतो. जीव वाचतात, पण यंत्रातला घराचा पत्ता पुसला जातो. आता भोवरा उघडेल तो कोणत्या तरी जगात. तिथे किती वेळ थांबायचे ते हातातले घड्याळासारखे यंत्र ठरवणार. कधी काही तास, कधी काही दिवस. आकडा शून्यावर आला की उडी मारायचीच. ती चुकली तर पुढची संधी २९ वर्षांहून अधिक काळाने. आमच्या गावची शेवटची गाडी चुकल्यावर जी धडधड होते ती या मालिकेत दर भागाला होते, म्हणून मला तिची सवय लवकर झाली.

इतके झाल्यावर मालिकेला हवे तसे अंगण मोकळे मिळते. दर भागात एक जग, आणि दर जगात इतिहासाच्या एखाद्या सांध्यावर बसलेला निराळा टाका. एका जगात अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध फसले आहे आणि तिथे अजून इंग्रजांचा राजा आहे. एकात स्त्रियांच्या हाती सत्ता आहे. पुरुषांना राजकारण झेपत नाही असे तिथे सर्वजण मानतात आणि आर्तुरो सर चिडून महापौरपदाची निवडणूक लढवायला निघतात. हा भाग पाहून ताई खूप हसली. बाबा तेवढ्यात पाणी प्यायला आत आले, कशाला हसता म्हणाले, आणि आम्ही सांगितले नाही.

एका भागावर मात्र थोडे थांबले पाहिजे. त्यात हे चौघे अशा जगात येतात की जिथे साथ पसरली आहे आणि आजाऱ्यांना नखशिखान्त झाकलेले लोक उचलून नेतात. आम्ही २०२० मध्ये आठवी-नववीत होतो. हे दृश्य आम्हाला समजावून सांगावे लागत नाही. पण त्या जगात रोग काही नवा नाही. नवी गोष्ट ही की तिथे पेनिसिलिनचा शोधच लागलेला नाही. आपल्या जगात काय झाले? १९२८ च्या सप्टेंबरात अलेक्झांडर फ्लेमिंग सुटीवरून परतला. लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयातल्या त्याच्या प्रयोगशाळेत जंतू वाढवायला ठेवलेल्या बशा होत्या, त्यातल्या एका बशीत बुरशी धरली होती, आणि बुरशीभोवतीचे जंतू विरघळले होते. बशी धुऊन ठेवली असती तर? 'धुऊन ठेवली असती' एवढ्या एका जरवर ते सगळे जग उभे आहे. आर्तुरो सर तिथे पावाला आलेल्या बुरशीपासून औषध तयार करतात. भाग तसा भाबडा आहे. खऱ्या पेनिसिलिनला फ्लेमिंगनंतर माणसाला टोचण्याजोगे होईपर्यंत दशकाहून अधिक काळ लागला आणि त्यासाठी ऑक्सफर्डच्या फ्लोरी, चेन इत्यादींना खस्ता खाव्या लागल्या. हे काम एका खोलीत काही दिवसांत होत नाही. तरीही हा भाग पाहिल्यापासून दवाखान्यातून मिळणाऱ्या साध्या गोळ्यांच्या पाकिटाकडे मी जरा निराळ्या नजरेने पाहते हे खरे.

दुसरा असा भाग लॉटरीचा. हे जग तर स्वर्ग. हवा स्वच्छ, रस्ते मोकळे, गर्दी नाही, भांडण नाही. सबंध पृथ्वीची लोकसंख्या अवघी पन्नास कोटी. रस्त्यावरच्या यंत्रातून कोणीही हवे तेवढे पैसे काढावेत, परत करायचे नाहीत. अट एकच : काढलेल्या प्रत्येक डॉलरबरोबर सोडतीत तुमचे एक तिकीट लागते. आणि सोडतीत ज्याचा नंबर लागेल त्याने मानाने, गाजावाजाने, इतरांसाठी जागा करून द्यायची. म्हणजे मरायचे. वेडचा नंबर लागतो. थॉमस माल्थसचा लोकसंख्येवरचा निबंध १७९८ चा. अन्नापेक्षा माणसे वेगाने वाढतात ही त्याची मांडणी आपण अर्थशास्त्रात शिकतो आणि परीक्षेत टीपा लिहितो. त्या जगाने ती टीप शब्दशः अमलात आणली. त्यातली भयानक गोष्ट म्हणजे तिथे कोणी दुष्ट नाही. सगळे हसून बोलतात. आणि यंत्रातून जास्त पैसे कोण काढणार? ज्याला गरज आहे तोच. हे मालिकेने फार ताणून सांगितलेले नाही, पण माझ्या मनात ते राहिले.

विद्वानांच्या जगाचा भागही आपल्या महाविद्यालयीन मंडळींनी जरूर पाहावा. तिथे खेळाडूंऐवजी अभ्यासू मुलांचा उदो उदो. ज्ञानाचे सामने भरतात, प्रेक्षक टाळ्या पिटतात आणि क्विनचा तिथला जोडीदार हा मोठा वीर. आमच्या गावच्या चौकात कबड्डीच्या संघाचा फलक बारा महिने झळकतो. तिथे ग्रंथपालाचा फलक लागला तर कसे दिसेल असा विचार करून मला हसू आले. मौज अशी की त्या जगातही सट्टेबाज आहेतच, आणि सामना हरण्यासाठी ते क्विनच्या मागे लागतात. खेळ बदलला, पैसे लावणारे तेच राहिले.

आता थोडे शास्त्राविषयी. मी कलाशाखेची विद्यार्थिनी. तेव्हा हा भाग माझा नव्हे, आपल्या विज्ञान शाखेतील पदार्थविज्ञानाच्या सरांचा आहे. मी भीत भीत त्यांच्याकडे गेले आणि विचारले की सर, अशी जगे खरोखर असतात का. सर हसले नाहीत. त्यांनी बाक पुढे ओढला आणि अर्धा तास सांगितले. त्यातले मला जेवढे कळले तेवढे लिहिते.

नाणे उडवले की छापा येणार की काटा हे आपल्याला ठाऊक नसते. पण ते आपले अज्ञान. हाताचा जोर, हवा, उंची सगळे मोजता आले तर उत्तर आधीच सांगता येईल. इलेक्ट्रॉनचे तसे नाही. त्याच्या काही गुणांबाबत मोजण्याआधी 'हे' आणि 'ते' अशा दोन्ही शक्यता एकत्र नांदत असतात, आणि मोजल्यावर एकच हाती येते. मग दुसरी गेली कुठे? नील्स बोर यांच्या परंपरेतले उत्तर असे की मोजले त्या क्षणी एक उरते, दुसरीविषयी बोलण्यात अर्थ नाही. १९५७ साली प्रिन्स्टन विद्यापीठात ह्यू एव्हरेट या तरुणाने आपल्या प्रबंधात निराळे म्हटले. त्याचे म्हणणे, समीकरणात तर कुठेही एक शक्यता पुसली जात नाही. मग आपण ती का पुसावी? दोन्ही घडतात. मोजणारा माणूसही त्याबरोबर दुभंगतो. एकाला 'हे' दिसते, एकाला 'ते'. दोघांनाही आपण एकटेच आहोत असे वाटते. ही कल्पना त्या वेळी फारशी कोणी मनावर घेतली नाही. १९५९ मध्ये एव्हरेट कोपनहेगनला जाऊन बोर यांना भेटला, त्यातूनही काही निघाले नाही. तोवर त्याने विद्यापीठ सोडून अमेरिकेच्या संरक्षण खात्याचे काम धरले होते. १९७० मध्ये ब्राइस डिविट या शास्त्रज्ञाने ही कल्पना पुन्हा पुढे आणली तेव्हा ती 'अनेक विश्वे' म्हणून गाजली. १९८२ मध्ये एव्हरेट वारला. आजही शास्त्रज्ञांत तिच्याविषयी एकमत नाही.

म्हणजे समांतर जगांची कल्पना मालिकावाल्यांनी हवेतून आणलेली नाही. हवेतून आणला आहे तो रस्ता. एव्हरेटच्या मांडणीत एका फांदीवरून दुसरीवर उडी मारायची सोय नाही. ती अडचण मालिकेने एका पुलाने सोडवली, आणि पुलाला नाव दिले 'आइनस्टाइन-रोझेन-पोडोल्स्की पूल'. सरांना या नावाचे मोठे हसू आले. १९३५ साली आइनस्टाइन आणि रोझेन यांनी अवकाशातल्या दोन दूरच्या ठिकाणांना जोडणाऱ्या पुलाचे गणित मांडले. त्यालाच पुढे 'वर्महोल' हे नाव पडले. त्याच वर्षी आइनस्टाइन, पोडोल्स्की आणि रोझेन या तिघांनी पुंजयामिकीतल्या एका कोड्यावर निबंध लिहिला होता. निबंध दोन, विषय दोन. मालिकेने त्यांचे लग्न लावून दिले. पण गंमत बघा : 'वर्महोल' हा शब्द रूढ करणारे जॉन व्हीलर हेच एव्हरेटचे मार्गदर्शक प्राध्यापक होते. म्हणजे लग्न अगदीच परक्यांत झाले असे म्हणता येणार नाही.

माझी स्वतःची एक तक्रार शास्त्राची नाही, इतिहासाची आहे. दोनशे वर्षांपूर्वी स्वातंत्र्ययुद्ध हरलेल्या जगात पुन्हा तोच आर्तुरो, त्याच नाकाडोळ्यांचा, कसा जन्माला येतो? सबंध देशाची उलथापालथ झाल्यावर त्याच्या पणजोबा-पणजीची गाठ त्याच दिवशी त्याच गावी कशी पडली? इतिहास एवढा बदलतो आणि वंशावळ तेवढी जागच्या जागी राहते. नाटकासाठी ते लागते हे मला कळते. पण सरांच्या फळ्यावरच्या वाक्यामागे हीच अडचण असणार : एक धागा ओढला की कुठवर उसवेल ते कोणालाच सांगता येत नाही.

आपल्या मराठी वाचकांना यात काही अगदी नवे वाटू नये, कारण डॉ. जयंत नारळीकरांनी 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा या मालिकेच्या कितीतरी आधी लिहिली. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अपघातानंतर अशा जगात जागे होतात, जिथे १४ जानेवारी १७६१ ची लढाई मराठ्यांनी जिंकली आहे. कारण काय? विश्वासरावांना लागलेली गोळी तिथे लागली नाही, चाटून गेली. बस्स. एवढ्यावर हिंदुस्थानचा पुढचा सगळा नकाशा निराळा. हीच कथा इंग्रजीत 'द अ‍ॅडव्हेंचर' या नावाने 'एन.सी.ई.आर.टी.'च्या अकरावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात अनेक वर्षे होती. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले, तेव्हा आपल्या ग्रंथालयात त्यांची पुस्तके मांडून ठेवली होती आणि मी ती कथा उभ्या उभ्या वाचली होती. तेव्हा तिच्यातली गोळीच लक्षात राहिली. मालिका पाहिल्यावर कळले की गोळी हे केवळ निमित्त. गंगाधरपंत त्या जगातल्या मुंबईत हिंडतात आणि तिथे ते कोणाचेच कोणी नसतात, ती कथा.

गोळी चाटून जाणे, बशी न धुणे. असे सांधे मोठ्या इतिहासातच असतात असे मला वाटत असे.

ताई माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. दहावीला तिला ८४ टक्के होते. मला ७१. गावात दहावीपर्यंतच शाळा. पुढचे तालुक्याला, आणि तिथे तास सकाळी साडेसातला. आमच्या गावची पहिली एस. टी. तेव्हा दहाला होती. बाबा तिच्या शिक्षणाविरुद्ध नव्हते. रोज पाच किलोमीटर चालत फाट्यापर्यंत, तेही अंधारात, एकट्या मुलीने, हे त्यांना पटत नव्हते, आणि बरोबर यायला दुसरी मुलगी नव्हती. वर्षभर बघू म्हणाले. वर्षाची दोन झाली, स्थळ आले, चांगले होते, झाले. मी दहावी झाले त्या जूनमध्ये गावात मुक्कामी गाडी सुरू झाली. रात्री येऊन थांबायची आणि पहाटे सहाला सुटायची. पहिल्याच आठवड्यात माझा पास निघाला. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिली, असे आजी सगळ्यांना सांगते. ताई जवळ असली तरी सांगते.

मालिका पाहताना मी हे ताईला बोलले नाही. पण दर भागात क्विनला त्याच्यासारखाच दुसरा क्विन भेटतो तेव्हा मी पडद्याकडे पाहायचे आणि मग बाजूला.

आता त्या भागाकडे येते ज्यासाठी हा सगळा लेख लिहायला घेतला. १९९६ मधल्या दुसऱ्या पर्वाचा हा पहिलाच भाग. बरीच भटकंती झाल्यावर भोवरा चौघांना क्विनच्या घरासमोर सोडतो. घर तेच, अंगण तेच. पण हे एकदा फसलेले आहेत. पहिल्याच भागाच्या शेवटी ते असेच घरी पोहोचले होते, जेवायला बसले होते, आणि दारातून क्विनचे वडील आत आले होते. आणि त्याचे वडील तर केव्हाच वारलेले! तेव्हा या खेपेला ते सावध आहेत. पुढचा भोवरा उघडायला अगदी थोडा अवधी आहे. राहायचे की जायचे हे तेवढ्यात ठरवायचे. क्विनला एक खूण आठवते. त्याच्या घरचे फाटक उघडताना करकरायचे. नेहमी. तो फाटक ढकलतो. फाटक आवाज न करता उघडते. संपले, हे आपले घर नव्हे. चौघे भोवऱ्यात उड्या मारतात. भोवरा मिटतो, आणि घरातून क्विनची आई बाहेर येते. बरोबर कामाचा माणूस. तो तिला सांगतो, फाटकाच्या बिजागरीला तेल घातले आहे, आता करकरणार नाही.

मी सुन्न झाले. इतक्या जगांतून फिरून माणूस दाराशी आला आणि एका थेंबभर तेलाने परत फिरला. मालिकेत इतकी यंत्रे, इतके भोवरे आहेत, पण तिचे सगळे मर्म मला या फाटकात दिसते. जगे ज्याने वेगळी होतात ती गोष्ट केवढी लहान असते हे ती दर भागात दाखवते. इथे तिने दाखवले की जग बदललेले नसतानाही तेवढीच लहान गोष्ट बदलू शकते. क्विनने आपले घर मनात जसेच्या तसे धरून ठेवले होते. घर मात्र थांबले नव्हते, तिथे रोजची कामे चालू होती.

हे सगळे मी मोठ्या आवेशाने ताईला सांगू लागले. ती शेंगा निवडत होती. म्हणाली, "एवढ्याशा फाटकावरून कशाला गेला गं? आईला हाक मारायची ना."

मला उत्तर सुचले नाही. अजून सुचलेले नाही. क्विनला गणित येत होते, यंत्र बनवता येत होते; हाक मारणे त्याच्या डोक्यात आले नाही. आता कोणी म्हणेल की हाकेला दुसऱ्या जगातल्या आईनेही 'ओ' दिली असती. खरे आहे. तरी ताईचे म्हणणे खोडावेसे वाटत नाही.

पुढच्या पर्वांविषयी थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखे थोडेच आहे. वाहिनीने पहिल्या पर्वातले भाग लिहिलेल्या क्रमाने दाखवलेच नाहीत, त्यामुळे धागे तुटले. तिसऱ्या पर्वात चित्रीकरण व्हँकुव्हरहून लॉस एंजलिसला गेले आणि त्याबरोबर इतिहासही गेला; गाजलेल्या चित्रपटांच्या नकला, राक्षस, पळापळ असा प्रकार सुरू झाला. १९९७ मध्ये आर्तुरो सरांना मारून टाकले. टॉर्मे मालिकेपासून दूर झालेच होते. मग 'सायफाय' वाहिनीने ती घेतली, वेड गेली, शेवटी क्विनचे काम करणारा जेरी ओकॉनेलही गेला. पहिल्या चौघांत शेवटपर्यंत राहिला तो एकटा रेम्ब्रँट, रस्त्याने चालला होता तो. शेवटच्या भागात तो एकटाच भोवऱ्यात उडी मारतो, घराकडे. पोहोचला की नाही ते दाखवायच्या आत मालिका बंद पडली. टॉर्मे जानेवारी २०२४ मध्ये वारले.

ज्यांना पाहायची असेल त्यांनी पहिली दोन पर्वे पाहावीत आणि तिथे थांबावे असे माझे मत. इंग्रजी अवघड गेले तरी घाबरू नये. चौथ्या-पाचव्या भागापासून कान सरावतो. कार्ड सध्या माझ्याजवळ नाही. भाऊबीजेनंतर ताई सासरी जाताना ते घेऊन गेली. रात्री सगळे आवरल्यावर ती एक-एक भाग पाहते, अक्षरे वाचायला वेळ लागतो म्हणून थांबवत थांबवत. परवा तिचा फोन आला होता. पावाच्या बुरशीचे खरे आहे का, असे विचारत होती. मी तिला फ्लेमिंगची सगळी हकीकत सांगितली, मग फ्लोरी आणि चेन यांचीही. तिने नावे पुन्हा विचारून घेतली.